म्हातारपण कोणी ठरवायचे?

‘साठी बुद्धी नाठी’ अशी आपल्यात म्हण आहे. नीट पाहिले तर ही म्हण पुरुषांच्या हिशेबाने केलेली दिसते. त्यांना निदान साठ वर्षे तरी दिली आहेत. बाईच्या बाबतीत हिशेब वर्षांनी होत नसे. सून घरात आली की ती सासूबाई, नातू झाला की आजी, आणि कपाळ पुसले गेले की वय पंचवीस असो वा पंचावन्न, ती म्हातारी. आपल्या मंडळात पन्नाशीच्या भगिनींना एखादे काम सांगितले तर पटकन म्हणतात, ‘आता आमचं काय राहिलंय, आमच्या गवऱ्या मसणात गेल्या.’ हे बोलणे आपल्या तोंडी कोठून आले, आणि ते खोटे पाडणाऱ्या बायका आपल्या महाराष्ट्रात कोण कोण होऊन गेल्या, हे भगिनींपुढे मांडावे म्हणून हा लेख लिहीत आहे.

प्रथम एक आकडा सांगते. स्वातंत्र्य मिळाले त्या सुमारास, म्हणजे १९५१ च्या आसपास, आपल्या देशात माणसाचे सरासरी आयुष्य ३२ वर्षांचे होते. याचा अर्थ सगळी माणसे तिशीत मरत असा नव्हे. जन्मलेली पुष्कळ लेकरे पाच वर्षांच्या आतच जात, बाळंतपणात बायका दगावत, पटकी आणि हिवताप घरेच्या घरे रिकामी करीत, म्हणून सरासरी इतकी खाली येई. आज ती सत्तरीच्या घरात आली आहे, आणि बायकांची पुरुषांपेक्षा थोडी जास्तच आहे. तेव्हा साठ ते ऐंशी ही जी वीस वर्षे आज घरोघर बायकांच्या वाट्याला येतात, ती आपल्या पणज्यांपैकी फार थोड्यांनी पाहिली. या वर्षांत काय करायचे याचा रिवाज आपल्याकडे नाहीच. जो आहे तो माळ ओढीत कोपऱ्यात बसण्याचा आहे, आणि तोही मुळात वयासाठी केलेला नव्हता. तो विधवेसाठी केलेला होता.

ही गोष्ट जरा उकलून सांगितली पाहिजे. जुन्या काळी ब्राह्मण आणि स्वतःला वरच्या म्हणवणाऱ्या इतर काही जातींत नवरा गेला की बाईचे केशवपन होई. आलवण नेसायचे, एक वेळ जेवायचे, जमिनीवर निजायचे, कोणाच्या शुभकार्यात पुढे यायचे नाही. हे सारे पंधरा-वीस वर्षांच्या मुलीलाही चुकत नसे. म्हणजे वृद्ध माणसाने स्वखुशीने धरावे असे जे वैराग्य, ते तिच्यावर लादले जाई. विधवेच्या पुनर्विवाहाला कायद्याने मोकळीक १८५६ साली मिळाली, पण घराघरात कायदा पोचायला फार दिवस लागतात. इतर जातींत पाट लावण्याची चाल होती, तेथे बाईची इतकी कोंडी नव्हती. तरी हळदीकुंकवाला, ओटी भरायला तिला मागे ठेवण्याची रीत मात्र थोड्याफार फरकाने सगळ्यांनीच उचलली, असे आपल्या भागात पाहून वाटते.

अशा विसाव्या वर्षी ‘म्हाताऱ्या’ झालेल्या एका बाईंचे चरित्र मला सर्वांत मोलाचे वाटते. त्या पार्वतीबाई आठवले. कर्व्यांचे नाव सगळ्यांना ठाऊक असते, पार्वतीबाईंचे फारसे कोणी घेत नाही, म्हणून त्यांच्याविषयी जरा विस्ताराने लिहिते.

पार्वतीबाईंचा जन्म १८७० सालचा, कोकणातल्या देवरुखचा. अकराव्या वर्षी लग्न झाले. यजमान गोव्याकडे नोकरीला होते. विसाव्या वर्षी वैधव्य आले, पदरात लहान मुलगा. रिवाजाप्रमाणे सारे झाले. त्यांची थोरली बहीण गोदूबाई हीही लहानपणीच विधवा झालेली. ती पंडिता रमाबाईंच्या शारदासदनात शिकायला राहिली होती, आणि १८९३ साली तिने धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह केला. याच आनंदीबाई, ज्यांना पुढे सारे बाया कर्वे म्हणत. या लग्नापायी कर्व्यांच्या मुरूड गावाने त्यांच्यावर बहिष्कार घातला. १८९६ साली कर्व्यांनी पुण्यात अनाथ बालिकाश्रम काढला आणि १९०० साली तो हिंगण्याच्या माळावर एका झोपडीत नेला.

पार्वतीबाई बहिणीकडे आल्या तेव्हा त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. सव्विसाव्या वर्षी त्यांनी अक्षरे गिरवायला घेतली. भगिनींनो, पुढे त्या अमेरिकेला गेल्या ही गोष्ट लोक मोठी म्हणून सांगतात, पण माझ्या मते खरा अवघड प्रवास हा होता. मुलाची आई झालेल्या, केस उतरवलेल्या बाईने पाटी हातात धरायची, आणि चुकले की दुसऱ्याकडून दुरुस्त करून घ्यायचे. माझे स्वतःचे शिक्षण सातवीपर्यंतचे आहे. लग्नानंतर वीस वर्षांनी बँकेतला अर्ज हाताने भरायची वेळ आली तेव्हा पेन धरलेली बोटे कशी आखडतात हे मला माहीत आहे. पार्वतीबाईंची बोटे त्याहून किती आखडली असतील!

शिकून झाल्यावर त्या आश्रमातच शिकवू लागल्या, देखरेख पाहू लागल्या, आणि मग निधी गोळा करायला गावोगाव फिरू लागल्या. विधवा बाई सभेत उभी राहून बोलते आणि पैसे मागते, हे त्या काळच्या लोकांना किती टोचले असेल ते सांगायला नको. १९१२ साली, म्हणजे बेचाळिसाव्या वर्षी, त्यांनी केशवपन करून घेणे बंद केले. त्या वयात आपल्याकडच्या बायका रंगीत लुगडे सोडून फिक्कट नेसू लागतात. यांनी उलट दिशा धरली.

आणि १९१८ साली, अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, त्या एकट्या अमेरिकेला निघाल्या. हेतू दोन. इंग्रजी शिकायचे आणि आश्रमासाठी पैसा मिळवायचा. हाताशी पैसा नव्हता, भाषा धड येत नव्हती, मांसाहार वर्ज्य. तेथे त्यांनी लोकांच्या घरी घरकामाला राहून पोट भरले. भांडी, झाडलोट, पडेल ते काम केले, आणि काम करता करता बोलायला शिकल्या. आपल्या आश्रमात देखरेख करणारी बाई परक्या देशात दुसऱ्याच्या घरची भांडी घासते, यात त्यांना कमीपणा वाटला नाही. १९२० साली त्या परत आल्या. १९२८ साली त्यांनी ‘माझी कहाणी’ हे आत्मचरित्र प्रसिद्ध केले आणि १९३० साली त्याचे इंग्रजी भाषांतर निघाले. १९५५ साली, पंच्याऐंशीव्या वर्षी त्या वारल्या. विसाव्या वर्षी ज्या बाईचे आयुष्य संपले असे सगळ्यांनी ठरवले होते, ती त्यापुढे पासष्ट वर्षे जगली.

तिच्या मेव्हण्यांची, महर्षी कर्व्यांची गोष्टही अशीच आहे, पण ती ठाऊक असल्याने थोडक्यात लिहिते. त्यांनी महिला विद्यापीठ काढले ते १९१६ साली, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी. आजच्या सरकारी नोकराला ज्या वयात नारळ देतात ते हे वय. एकाहत्तराव्या वर्षी ते विद्यापीठासाठी परदेश दौऱ्यावर गेले. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, १९३६ साली, खेड्यांतल्या शाळांसाठी मंडळ काढले. १९४४ साली, शहाऐंशीव्या वर्षी, समता संघ काढला. १९५८ साली भारतरत्न झाले तेव्हा शंभरी भरली होती. पुरुष म्हणून त्यांना कोणी अडवले नाही असे मात्र कोणी म्हणू नये. अडवले, पण म्हातारे म्हणून अडवले नाही. बाया कर्व्यांनीही मागे राहायचे नाही म्हणून की काय, ‘माझे पुराण’ सांगितले, ते १९४४ साली छापून आले. त्यांचे नातेवाईक नसलेल्या, पण त्याच पिढीतल्या आणखी दोघी सांगितल्यावाचून राहवत नाही. न्यायमूर्ती रानडे १९०१ साली गेले तेव्हा रमाबाई अडतीस वर्षांच्या होत्या. वर्षभर त्या घराबाहेर पडल्या नाहीत, आणि मग पुढची वीसेक वर्षे सेवासदनाला दिली. सेवासदनाच्या पुण्यातल्या वर्गांत घरच्या संसारी बायका शिकायला येत. आणि लक्ष्मीबाई टिळक. शाळेचे शिक्षण जवळजवळ नाहीच. त्यांच्या ‘स्मृतिचित्रां’चा पहिला भाग १९३४ साली निघाला तेव्हा त्या सहासष्ट वर्षांच्या होत्या. नवऱ्याने अर्धवट टाकलेले ‘ख्रिस्तायन’ हे मोठे काव्यही त्यांनीच पुढे नेले. साठी बुद्धी नाठी म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

कोणी म्हणेल, ही सारी पुण्या-मुंबईची नावे झाली, आपल्या जिल्ह्याचे काय? खरे आहे. आपण निजामाच्या राज्यात होतो. जिल्ह्याला उस्मानाबाद हे नाव मिळाले तेही सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांच्यावरून, आणि ते बदलून धाराशिव झाले २०२३ साली. हैदराबाद राज्यात शाळा थोड्या, वरच्या वर्गांची भाषा उर्दू. मुलांचीच जेथे पंचाईत, तेथे मुलींना कोण शाळेत घालणार? १७ सप्टेंबर १९४८ ला आपण मोकळे झालो. त्यामुळे आज ज्या आपल्या आजी-मावश्या सत्तर-ऐंशीच्या आहेत, त्यांच्यापैकी पुष्कळींनी शाळेची पायरी पाहिलेली नाही. हा त्यांच्या बुद्धीचा दोष नव्हे.

मग प्रौढांना शिकवण्याच्या मोहिमा निघाल्या. साताऱ्यात १९५९ साली ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली आणि पुढे राज्यभर गेली. १९८८ साली केंद्र सरकारचे राष्ट्रीय साक्षरता मिशन आले. चांगले काम झाले, पण या मिशनने वयाची मर्यादा घातली होती १५ ते ३५ वर्षे. छत्तीस वर्षांच्या बाईला वर्गात बसायला मनाई नव्हती, पण मोजणीत ती धरली जात नव्हती. सरकारलाही गणती करताना पस्तिशीपुढची बाई नको झाली, हे वाचून मला फार वेळ दुसरे काही सुचले नाही. २०२२ साली आलेल्या नव्या साक्षरता योजनेत १५ वर्षांवरील सगळे धरले आहेत, वर मर्यादा नाही. एवढी एक ओळ बदलायला कितीतरी वर्षे लागली.

आपल्या भूम-परांड्याला लागूनच जामखेड आहे. तेथे १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी खेड्यांतल्या आरोग्याचे काम सुरू केले. आधी त्यांनी शिकलेल्या तरुण नर्सबाई गावात ठेवून पाहिल्या. ते जमले नाही. मुली परगावच्या, एकट्या राहायला भिणाऱ्या, आणि गावच्या बायका त्यांचे ऐकेनात. चार लेकरे वाढवलेल्या बाईला काल आलेल्या मुलीने बाळंतपणाचे शिकवावे, हे तिला रुचणार कसे? मग त्यांनी गावातल्याच बायका निवडल्या. त्यांतल्या बहुतेक निरक्षर, कित्येक दलित समाजातल्या, काही नवऱ्याने टाकलेल्या. त्यांना बाळंतपण, लेकरांचे जुलाब, लसी, आहार हे सारे तोंडी शिकवले. येथे वय आणि संसार केल्याचा अनुभव हीच पात्रता ठरली. आरोळे दांपत्याला १९७९ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आपल्या तुळजापूर तालुक्यातल्या अणदूरला हॅलो मेडिकल फाउंडेशनने अशाच गावच्या बायकांना ‘भारतवैद्य’ म्हणून तयार केले.

आता ज्या दिवसाविषयी लिहिताना आजही हात थांबतो, त्याकडे येते. ३० सप्टेंबर १९९३. आदल्या रात्री गणपती बुडवून लोक निजले होते. पहाटे चारच्या सुमारास जमीन हलली. किल्लारी, सास्तूर आणि भोवतालची गावे बसली. सरकारी आकड्याप्रमाणे लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून सुमारे ८ हजार माणसे गेली. आपली जुनी माळवदाची घरे, दगडमातीच्या हात-दीड हात जाडीच्या भिंती, वर मातीचा भार. भिंती फाकल्या आणि माळवद निजलेल्या माणसांवर आले.

जी गावे पूर्ण पडली ती नव्या जागी उठवली. पण हजाराहून अधिक गावांत घरे उभी होती, फक्त खिळखिळी झाली होती. त्यांची दुरुस्ती आणि मजबुतीकरण घरमालकानेच करायचे आणि सरकारने पैसा व माहिती द्यायची, असे ठरले. माहिती कोणी पोचवायची? इंजिनिअर गावात यायचे ते पुरुषांशी चावडीवर बोलून निघून जायचे. तेव्हा प्रेमा गोपालन यांच्या स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेने गावोगावच्या महिला मंडळांतल्या बायकांना ‘संवाद सहाय्यक’ म्हणून नेमावे असा मार्ग काढला आणि सरकारने तो मान्य केला. त्या काही कॉलेजातल्या मुली नव्हत्या. चूल, जनावरे, शेत सांभाळणाऱ्या, डोक्यावरचा पदर न ढळू देणाऱ्या बायका होत्या. त्या भिंतीच्या आरपार जाणारे दगड का घालायचे, दाराखिडकीवरून घरभर पट्टा का फिरवायचा, माळवदावरची माती कमी का करायची हे घरोघर सांगू लागल्या. बँकेत खाते कसे उघडायचे, हप्ता का अडला, हे विचारायला तालुक्याला जाऊ लागल्या. त्या आधी त्यांतल्या कितीजणींनी कचेरीची पायरी चढली असेल?

पुढचे मला अधिक महत्त्वाचे वाटते. २६ जानेवारी २००१ ला कच्छमध्ये भूकंप झाला तेव्हा आपल्या या दोन जिल्ह्यांतल्या बायका तेथे गेल्या. २००४ च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूच्या किनाऱ्यावर गेल्या. भाषा वेगळी, खाणे वेगळे. पण घर पडलेल्या बाईशी काय बोलायचे आणि काय बोलू नये, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार? संकट सोसून मध्यम वयाला आलेल्या बाईचा अनुभव दुसऱ्या राज्याच्या कामी आला. महिला मंडळ म्हणजे हळदीकुंकू आणि भिशी, असे हसून म्हणणाऱ्या पुरुषमंडळींना आपल्या जिल्ह्यातल्या महिला मंडळांचा हा इतिहास सांगावा.

ठाणे जिल्ह्यातल्या मुरबाड तालुक्यात फांगणे म्हणून लहान गाव आहे. तेथे प्राथमिक शिक्षक योगेंद्र बांगर यांनी ८ मार्च २०१६ ला आजीबाईंची शाळा सुरू केली. साठ ते नव्वद वर्षांच्या आजीबाई गुलाबी नऊवारी नेसून, दप्तर पाठीला लावून शाळेत येऊ लागल्या. वर्तमानपत्रांनी त्यांचे फोटो कौतुकाने छापले. मला त्या कौतुकात थोडी गंमत पाहण्याची वृत्ती दिसते, ती आवडली नाही. त्या आजीबाईंची इच्छा साधी होती. पोथी दुसऱ्याने वाचायची आणि आपण ऐकायची, त्यापेक्षा ती आपल्याला वाचता यावी. सही करता यावी. यात हसण्यासारखे काय आहे?

प्रवासाची सोयही आता पूर्वीपेक्षा पुष्कळ झाली आहे. २०२२ च्या ऑगस्टपासून राज्यात ७५ वर्षांवरील सर्वांना एस.टी.चा प्रवास मोफत झाला आणि १७ मार्च २०२३ पासून सर्व बायकांना अर्धे तिकीट. लेकीकडे जायला मुलाकडे भाड्याचे पैसे मागावे लागू नयेत, ही लहान गोष्ट नव्हे. ज्या सासूने उभ्या जन्मात एकटीने एस.टी. धरली नाही, तिला पहिल्यांदा सोबत मात्र हवी असते. हे काम सुनांनी आणि मंडळाने करण्याजोगे आहे.

शेवटी जरा कडू बोलते, वडीलधाऱ्यांनी राग मानू नये. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाच्या ग्रामसभेने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे, जोडवी काढणे बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर गावांनीही तसे करावे असे परिपत्रक काढले. पार्वतीबाईंनी केस वाढवले त्याला तेव्हा ११० वर्षे झाली होती. आणि आपल्या मंडळाच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला यंदाही आपल्या काही ज्येष्ठ भगिनी मागच्या बाकावर बसल्या होत्या. त्यांना तिळगूळ दिला, वाण दिले नाही. कोणी त्यांना मागे बसा असे म्हटले नव्हते. त्यांच्या त्याच बसल्या. त्यांतल्या दोघींनी हे मंडळ उभे करताना दारोदार वर्गणी गोळा केली आहे.

म्हणून येत्या वार्षिक सभेपुढे मी तीन सूचना लेखी दिल्या आहेत. संक्रांतीला वाण सर्व भगिनींना द्यावे, आणि ज्यांना कुंकू लावून घ्यायचे असेल त्यांना ते न विचारता पुढे होऊन लावावे, ज्यांना नको त्यांना आग्रह करू नये. कार्यकारिणीत साठीपुढच्या भगिनींसाठी दोन जागा ठेवाव्यात, नुसत्या मानाच्या नव्हे, हिशेब तपासण्याच्या. आणि दर गुरुवारी दुपारी तीन ते चार वाचनाचा वर्ग ठेवावा. शिकवायला मी आणि आणखी एक वहिनी तयार आहोत, आमच्या सातवीत जेवढे बसते तेवढे शिकवू. पाट्या आणण्याची गरज नाही, मुलांच्या जुन्या पाट्या आणि खडूची पेटी माझ्याकडे आहे. चष्मा मात्र ज्याचा त्याने आठवणीने आणावा.